न वाजलेली प्लेट

जळगावच्या एमआयडीसीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी सात वर्षं काम केलं, तिथे मशीनं दोनच होती, पण मी घरी गेले की आई म्हणायची, "तू कोळशाच्या वखारीत जातेस की काय?" नाकपुड्यांच्या कडा काळ्या, नखांत काळं, आणि मनगटावर आंघोळीनंही न जाणारी बारीक खाज. मेहरूणला आमच्या गच्चीत वाळत घातलेली माझी पांढरी ओढणी कितीही धुतली तरी करडीच दिसायची.

आम्ही फवारणीच्या ड्रोनच्या प्लेटी करायचो. म्हणजे कार्बन फायबरच्या तयार प्लेटी बाहेरून यायच्या, आम्ही त्यांना भोकं पाडून द्यायचो. तळहाताएवढी काळी गुळगुळीत प्लेट, उचलली तर पुठ्ठ्यासारखी हलकी. ड्रोनचे पंख्याचे दांडे तिलाच बोल्टनं आवळतात. औषधाची टाकी भरून ड्रोन वर गेला की सगळं वजन चार भोकांच्या कडांवर येतं. भोकं पाडायचे नाना, तपासायची मी. तपासून झालं की प्लेटीच्या कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका ठेवायचा. तो ठिपका हीच माझी सही.

नाना मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले, साठीला टेकलेले. जळगावात खोली करून एकटे राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं गावी जायचे. सगळा जन्म ड्रिलिंग मशीनपुढे गेलेला. आधी लोखंड, मग पितळ, मग प्लास्टिक आणि शेवटी हे काळं. ते माझ्याशीही अहिराणीतच बोलायचे, मी माझ्या मराठीत उत्तर द्यायची, आणि आमचं कधी अडलं नाही.

लोखंडाला भोक पाडताना ड्रिलची धार गेली तर लोखंड बोंब मारतं. धूर येतो, कीस निळा पडतो, भोकाला कंगोरे राहतात. कार्बन फायबर काही बोलत नाही. त्याचा कीसही पडत नाही, नुसती काजळीसारखी भुकटी उडते. आतून ते म्हणजे विणलेल्या धाग्यांचे पातळ थर, एकावर एक ठेवून डिंकासारख्या रसायनात पक्के केलेले. धागे इतके कठीण की ड्रिलच्या धारेला ते घासून घासून गोल करतात. आणि बोथट ड्रिल धागे कापत नाही, ढकलतं. ढकललं की खालचे थर वरच्यांपासून सुटतात. हे सगळं आत होतं. वरून भोक गोल, कड साफ, माप बरोबर. आत मात्र भोकाभोवती थर उकललेले.

ते ओळखायला मोठ्या कारखान्यांत यंत्रं असतात. आमच्याकडे एक जुनं जाड नाणं होतं आणि नानांचा कान. नाण्याच्या कडेनं भोकाभोवती हळूहळू ठोकत जायचं. थर धरून असले तर खणखणीत वाजतं, सुटलेले असले तर बद्द. फरक इतका बारीक, की मला वर्षभरानंतरही स्वतःची खात्री वाटत नसे. म्हणून मी ठोकायची आणि नाना समोर उभे राहून ऐकायचे. मी नजर वर करायची. "हाई चांगलं शे," नाना म्हणाले की ठिपका.

ड्रिल कधी बदलायचं तेही तेच सांगायचे. किती भोकांनंतर ड्रिल काढायचं याचा कागद भिंतीवर चिकटवलेला होता, पण नाना चालू मशीनपाशी मान तिरकी करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "धार गयी. काढ आते." काढून भिंगाखाली धरलं की धार खरोखरच गेलेली असायची. एक दिवस तो कागद पंख्याच्या वाऱ्यानं निघून पडला. परत कुणी लावला नाही.

एका दुपारची गोष्ट. जेवणाची सुट्टी होती, दोन्ही मशीनं बंद. शेठ, म्हणजे आमचे मालक, नाना आणि मी शेडमध्येच सतरंजीवर डबे उघडून बसलो होतो. नानांची पाठ मशीनकडे. अचानक, कुणी हात लावलेला नसताना, मशीन सुरू झालं. ड्रिल हवेतच फिरायला लागलं, आणि दाताच्या डॉक्टरकडे ऐकू येतो तसला बारीक, टोकदार आवाज पत्र्याच्या शेडभर भरून राहिला. माझा घास हातातच राहिला. शेठ उठून मेन स्विचकडे पळाले.

नानांनी मान वळवली नाही. भाकरीचा तुकडा मोडून ते ठेच्याला लावत होते. शेठ पळताना दिसले तेव्हा कुठे ते मागे वळले आणि फिरत्या ड्रिलकडे पाहून म्हणाले, "हाई कवय चालू व्हयनं?"

"नानांचं काळीज दगडाचं आहे," शेठ परत येऊन बसताना म्हणाले. आम्ही हसलो. नानाही हसले.

इलेक्ट्रिशियननं पॅनल उघडलं तर आत काजळी साचलेली. कार्बनची धूळ विजेला वाट करून देते, त्यानंच मशीन चालू झालं होतं, असं तो म्हणाला. पॅनल साफ करून त्याच्या फटी बंद केल्या. कारण कळलं होतं, तरी त्यानंतर कितीतरी दिवस बंद मशीनकडे पाठ करून बसवत नव्हतं.

पावसाळा सरत आला तेव्हा असोद्याहून फोन आला. तिथल्या एका केळीवाल्या भाऊंनी आमच्या शेठच्या ओळखीनं ड्रोन घेतलेला होता. तो फवारणी करता करता बागेत पडला होता आणि दोन तास झाले तरी सापडत नव्हता. शेठ म्हणाले, "जाऊन बघा तरी काय तुटलंय ते." मी आणि नाना माझ्या स्कूटीवर निघालो.

बागेच्या तोंडाशी भाऊ उभे होते. चेहरा उतरलेला. "पडला तं इथंच कुठी तरी," ते म्हणाले. "आवाज बी येऊन राहिला. पन कुठून येऊन राहिला तेच समजत नही."

केळीच्या दाट बागेत भर दुपारीही उजेड हिरवा आणि जुना वाटतो. वाऱ्याचा मागमूस नव्हता. घडांना निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, त्या ओळीनं लांबपर्यंत लटकत होत्या. खाली वाळलेल्या पानांचा ओला थर, पाय टाकला की आवाज गिळून टाकणारा. दहा ओळी आत गेल्यावर मी मागे पाहिलं तर आलो ती वाट कुठली ते ओळखू येईना. सगळ्या ओळी सारख्या.

मग तो आवाज आला. टीं... टीं... टीं... आणि थांबून, फर्र्र. पंखा पानावर आपटल्यासारखा. पुन्हा शांत.

"डावीकडे," मी म्हणाले. आम्ही डावीकडे गेलो. आवाज आता मागून आला. वळलो, तर उजवीकडून. भाऊंची स्वतःची बाग, त्यांच्या हातानं लावलेली, पण तेही थांबून थांबून झाडांकडे परक्यासारखे बघत होते. एकदा आवाज इतका जवळून आला की मी दचकून मागे सरले आणि पाठीला ओलं खोड लागलं. खाली काहीच नव्हतं. "फिरून तर राहिला नही ना हा?" भाऊ हळू आवाजात म्हणाले. मी म्हटलं, "पडलेला ड्रोन कसा फिरेल?" पण माझाही आवाज हळूच निघाला.

नाना आमच्याबरोबर धावत नव्हते. ते एका जागी उभे होते, कमरेवर हात ठेवून. आम्ही तिसऱ्यांदा त्यांच्या जवळून गेलो तेव्हा ते म्हणाले, "खाले काय देखी ऱ्हायनात? वर देखा ना."

ड्रोन आमच्या डोक्यावर होता. दोन केळींच्या पानांत उलटा अडकलेला, एक दांडा तुटून नुसत्या वायरवर लोंबत होता, आणि त्या दांड्याचा पंखा थोड्या थोड्या वेळानं जिवंत असल्यासारखा फडफडत होता. मी वर पाहिलं तशी टाकीतून गळणारी औषधाची धार माझ्या गालावर पडली.

भाऊंनी ड्रोन खाली ओढून त्याची बॅटरी काढली, आणि ती टीं टीं थांबली. मग बागेत जी शांतता झाली ती त्या आवाजापेक्षा वाईट होती. मी बाटलीतल्या पाण्यानं गाल धुतला आणि तुटलेली प्लेट हातात घेतली. भोकाशी ती फाटली होती, आणि फाटलेल्या जागी थर पानांसारखे सुटे झालेले, मध्ये बोटाचं नख जाईल इतके. भोकाची उरलेली कड मात्र अजून गोल आणि स्वच्छ होती. कोपऱ्यावर माझा पांढरा ठिपका.

"हे माणसाच्या अंगावर पडलं असतं तं?" भाऊ म्हणाले. त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. मी ती तुटकी प्लेट स्कूटीच्या डिकीत ठेवली आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी माझा गाल सुजून लाल झाला होता. डॉक्टरांनी मलम दिलं आणि ऊन, धूळ लागू देऊ नका म्हणाले. म्हणून मी जळगावातल्या सगळ्या स्कूटीवाल्या बायका बांधतात तशी ओढणी तोंडाभोवती घट्ट गुंडाळली, वर धुळीचा गॉगल चढवला, आणि तशीच कामाला बसले. शेठनी मशीन थांबवलं होतं. रॅकवर तयार असलेली, पण अजून बाहेर न गेलेली प्रत्येक प्लेट पुन्हा ठोकून बघायची, असं ठरलं.

मी पहिली प्लेट घेतली, नाण्यानं ठोकली. नानांकडे पाहिलं.

नाना माझ्याकडे बघत राहिले.

मी पुन्हा ठोकली. "नाना?"

"तोंडवरनी ती ओढनी काढ ना," ते म्हणाले.

"का?"

"काढ ना, पोरी. कशी चोरसारखी बशेल शे."

"डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही ऐका ना, प्लेट कशी वाजते?"

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, गॉगलकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पत्र्याची शेड असली तरी सकाळची वेळ होती, एवढं उकडत नव्हतं. "चांगलं शे," ते म्हणाले. मी कालची तुटकी प्लेट उचलून तिच्यावर ठोकलं. तो बद्द आवाज मलाही स्पष्ट आला. पण ती तुटलेली आहे हे त्यांना दिसतच होतं. "बद्द शे," ते लगेच म्हणाले. तिसरी घेतली. तिचं एक भोक मला बद्द वाटलं. नाना म्हणाले, "चांगलं शे." चौथी मला खणखणीत वाटली, आणि ते बराच वेळ थांबून म्हणाले, "बद्द."

तेव्हा मी जे केलं ते विचार करून केलं नाही. पाचवी प्लेट हातात धरली, नाणं तिच्याजवळ नेलं, मनगट ठोकल्यासारखं हलवलं, आणि प्लेटीला स्पर्श होण्याआधी थांबवलं. एकदा, दोनदा, तीनदा. शेडमध्ये काहीच आवाज नव्हता. बाहेर दूर कुठेतरी ट्रक मागे घेत होते तेवढाच.

"हाई चांगलं शे," नाना म्हणाले.

मी नाणं खाली ठेवलं. गॉगल काढला, ओढणी सोडली. माझं तोंड बघताच त्यांना कळलं. ते खालच्या लाकडी खोक्यावर बसले.

"नाना, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"आयकू येत नई अशी गोट नई," ते म्हणाले. "माले जास्तीच आयकू येस." मग त्यांनी बोटानं स्वतःच्या कानाकडे दाखवलं. "हाई मशीन बंद शे ना? माले चालूच शे. खोलीवर जास तठे चालू. एसटीमा चालू. रविवारले घर ऱ्हास, मारुतीना देऊळमा बसस, तठे बी ड्रिल फिरीच ऱ्हायनं. बठ्ठा दिन. थांबतच नई."

"कधीपासून?"

"गयी दिवाईपाईन."

दिवाळीला वर्ष होत आलं होतं. त्या दिवसापासून त्यांच्या कानात एकाच सुरात ड्रिल चालू होतं, आणि खरं ड्रिल त्याच सुरात फिरायचं. धार गेल्यावर आवाजात जो बारीक बदल होतो, तो त्या आवाजाखाली बुडून गेला होता. भीतीनं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण ती भीती कामावरून काढतील याची नव्हती. "कान गया म्हंजे मना काय ऱ्हायनं?" असं म्हणाले.

"मग तुम्ही मला रोज सांगत होतात ते?"

नानांनी मान खाली घातली. "तुनं तोंड देखू, आनि सांगू."

मला स्वतःची खात्री नव्हती म्हणून मी नानांकडे बघत होते. नानांना ऐकू येत नव्हतं म्हणून ते माझ्याकडे बघत होते. मी सकाळी घरून चांगल्या मनानं आले असले तर प्लेटी चांगल्या. डोकं दुखत असलं, कपाळाला आठी असली, तर दोन-चार बद्द. जवळपास वर्षभर त्या शेडमध्ये प्लेट ऐकणारं कुणीच नव्हतं. आणि माझे ठिपके घेऊन त्या जिल्हाभर माणसांच्या डोक्यांवरून उडत होत्या.

शेठना मी सांगितलं. मला वाटलं होतं ते भडकतील. ते टेबलाच्या काठाला धरून उभे राहिले आणि नानांना एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं ना, नाना." मग त्यांनी फोन उचलला आणि आमच्या प्लेटी घेऊन ड्रोन जोडणाऱ्या माणसाला सगळं खरं सांगितलं. शनिवारी नाना एसटीनं गावी गेले. सोमवारी आले नाहीत.

पुढचा महिनाभर मी प्लेटी ठोकल्या. दिवाळीपासून गेलेल्या सगळ्या परत मागवल्या होत्या. प्रत्येक प्लेटीवर कोरलेला नंबर होता, त्यामुळे कोणती कुठे गेली ते काढता आलं. कुणी ड्रोनसकट आणून दिल्या, कुणी शिव्या देत दिल्या. काही पूर्ण चांगल्या निघाल्या. काही अशा निघाल्या की हातात धरायची भीती वाटावी. दिसायला दोन्ही सारख्याच. मी डोळे मिटून ठोकायला शिकले. कुणी समोर उभं राहिलं तर पाठ फिरवायची.

ती सवय मग घरी आली. स्वयंपाक करता करता मी ओट्याच्या फरशीवर बोटाचं पेर आपटून बघायची. न्हाणीघराच्या भिंतीतल्या तीन टाइल्स बद्द वाजतात हे मला तेव्हाच कळलं. त्या कित्येक वर्षं तशाच होत्या, पडल्या नव्हत्या. दाराची चौकट, कपाटाची पाठ, आईच्या पलंगाचा डोक्याकडचा फळा. "काय शोधतेस गं?" आई विचारायची. एकदा ती दुपारची झोपली होती आणि मी तिच्या उशाशी उभी राहून त्या फळ्यावर ठोकत होते. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मी भानावर आले आणि बाहेर गच्चीत जाऊन बसले.

सगळ्या प्लेटी आल्या, एक राहिली. ज्यानं तो ड्रोन घेतला होता त्यानं तो पुढे विकला होता आणि घेणाऱ्याचा फोन लागत नव्हता. शेठ म्हणाले, "आपण आपलं केलं. आता नाही सापडत तर काय करणार?" मीही मान हलवली.

थंडी पडल्यावर एका रविवारी मी नानांच्या गावी गेले. धुळ्याच्या स्टँडवर उतरून दुसरी गाडी पकडावी लागली. नानांचं घर रस्त्यालाच होतं. दारातून आत पाऊल टाकलं तर घरात रेडिओ मोठ्यानं चालू, शिवाय टीव्हीही चालू. दोन्हीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. नानांच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात. त्या चुलीवर वांगी भाजत होत्या. माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, "बंद करानं नई, बाई! घर शांत व्हयनं का त्यास्ना कानमा सुरू व्हस."

नाना बाजेवर बसले होते. थोडे वाळलेले, पण दाढी केलेली, टोपी स्वच्छ. मला पाहून त्यांना आनंद झाला. धुळ्याच्या डॉक्टरनं तपासलं होतं. "कानना मझारली शीर घसाई गयी म्हने," ते म्हणाले. "ती आते नवी येत नई." जन्मभर मशीनपुढे उभं राहून कान झिजला, एवढंच. औषधानं कानातला आवाज थोडा खाली जातो, पण पूर्ण जात नाही.

अक्कांनी भरीत आणि पुऱ्या वाढल्या. आम्ही मोठमोठ्यानं बोलत जेवत होतो, भांडल्यासारखे. नानांनी शेठची, मशीनची, असोद्याच्या भाऊंची चौकशी केली. मग विचारलं, "प्लेटी बठ्ठ्या वापस उन्यात?"

रेडिओवर कुणीतरी खतांबद्दल सांगत होतं.

"एक नाही मिळाली, नाना," मी म्हणाले.

त्यांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. मी पुन्हा, जोरात सांगितलं. त्यांचा हात ताटातच थांबला. चेहरा इतका कठीण झालेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"मंग तू आठे काय करी ऱ्हायनी?" ते म्हणाले.

अक्का म्हणाल्या, "अहो, जेवू तं द्या तिले."

"जेव. जेव आनि जाय," नाना म्हणाले. मग उठून त्यांनी स्वतःच रेडिओ बंद केला, टीव्ही बंद केला, आणि त्या शांततेत माझ्यासमोर बसून राहिले. त्यांच्या कानात काय चालू झालं असेल ते मला दिसत होतं. डोळ्यांच्या कडा आवळलेल्या, जबडा घट्ट. तरी ते उठले नाहीत. मला वाटतं, ती शिक्षा त्यांनी स्वतःला दिली होती, आणि मला सांगायचं ते तसंच सांगितलं होतं. मी पुऱ्या कशाबशा गिळल्या आणि निघाले.

सोमवारी मी शेठकडून दोन दिवस सुट्टी घेतली. ज्यानं ड्रोन विकला त्याच्या दारात जाऊन बसले तेव्हा त्याला आठवलं, की घेणारा माणूस जामनेर बाजार समितीत माल घेऊन यायचा. जामनेरला अडत्यांना विचारत विचारत फिरले. कुणाला ड्रोनवाला ठाऊक, कुणाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एकानं सांगितलं, तो ड्रोन बसस्टँडमागे पंप दुरुस्त करणाऱ्याकडे आलाय, मोटर बदलायला.

दुरुस्तीवाला चाळिशीचा, पायजम्यावर ग्रीसचे डाग. ड्रोन त्याच्या दुकानात छताच्या हुकाला टांगलेला होता. त्याच्या खालीच तो स्टूल टाकून बसला होता. "हा? चांगला आहे की," तो म्हणाला. "पूर्ण सीझन उडालाय. कापसावर, मक्यावर. परवा तर बाजाराच्या भिंतीवरून गेला, सगळी माणसं खाली उभी राहून बघत होती."

मी त्याला ड्रोन खाली घ्यायला लावला. प्लेटीवर माझा ठिपका होता, आणि नंबर तोच. नाणं काढलं, त्याच्याकडे पाठ केली आणि ठोकलं. पहिलं भोक खणखणीत. दुसरंही. तिसरंही. चौथ्याभोवती नाणं फिरवलं तेव्हा आवाज असा पडला, जसा ओल्या लाकडावर पडावा.

"मला तर काही फरक नाही वाटत," तो म्हणाला. "बघा ना, कसं गोल भोक आहे. तुम्ही उगाच घाबरवता."

मी नवी प्लेट बरोबर आणली होती. ती त्याला दिली आणि जुनी काढून घेतली. मग त्याच्याच हॅक्सॉनं, त्याच्याच वाइसमध्ये धरून, चौथ्या भोकाच्या मधोमध कापली. काळी भुकटी त्याच्या फरशीवर पडली. कापलेली कड मी उजेडात धरली. थरांच्या मधून पलीकडचा रस्ता दिसत होता, बारीक, रेघेएवढा.

छताच्या हुकाकडे पाहून त्यानं आपलं स्टूल बाजूला सरकवलं. माझ्या हातातून नाणं घेतलं आणि दुसऱ्या तुकड्यावर ठोकायला लागला. चांगली जागा, वाईट जागा, पुन्हा चांगली. कान अगदी जवळ नेऊन. "आता येतंय," तो म्हणाला. "आता येतंय खरं."

बाहेर येऊन मी नानांच्या घरी फोन लावला. अक्कांनी उचलला. मागे रेडिओ चालू होता. मी सांगितलं, प्लेट मिळाली, काढून घेतली, कुणाला काही झालं नाही. अक्का फोन बाजूला करून ओरडल्या, "सापडनी! ती प्लेट सापडनी!" पुन्हा एकदा ओरडल्या. मग लांबून नानांचा आवाज आला, मोठा, घाईचा.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"इचारस," अक्का म्हणाल्या, "तिनी ठोकीसन देखी का?"

"देखी म्हणावं," मी म्हणाले. "पाठ करून."